दात विलायती, पाय देशी

गणपतीच्या मांडवात, सोसायटीतल्या झाडून साऱ्या आयाबायांसमोर, रक्तपिशाचिणीचा सिनेमा लावायचा ही कल्पना माझी. मला कोणी भरीला घातलं नव्हतं. मी तिशी ओलांडलेली होते, नोकरी करत होते, मराठी विषय घेऊन बीए झाले होते, एका मुलीची आई होते, आणि एवढं सगळं असून अक्कल ही अशी. नात मला विचारते, "आजी, तू लहानपणी स्टुपिड होतीस का गं?" मी म्हणते, "लहानपणी नव्हते बाई. शिकले-सवरले, मग झाले."

नातीला हा प्रश्न पडला तो परवा. माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती फोनवर कसलासा सिनेमा बघत होती. त्यात एक गोरीपान पोरगी, ओठ डाळिंबाच्या दाण्यासारखे, केस पार्लरमधून आत्ताच उठून आल्यासारखे. ती म्हणे व्हॅम्पायर. पाठीला सॅक लावून कॉलेजला जात होती. आणि चावायच्या ऐवजी रडत होती. कारण काय, तर ज्याच्यावर प्रेम बसलं त्याला चावू कशी! नातीच्या डोळ्यांत पाणी. मला मात्र हसू आवरेना.

"अशी पिशाचीण बेबीताईच्या पाळणाघरात गेली असती ना," मी म्हटलं, "तर तिने हिला लसणीची चटणी चारून झोपवली असती."

"कोण बेबीताई?"

कोण बेबीताई, हे सांगायचं तर त्या मांडवापर्यंत जावं लागतं.

बेबी ठाकूर आमच्या नेरूळच्या सोसायटीत तळमजल्यावर भाड्याने राहायची आणि पाळणाघर चालवायची. मूळची शिरवण्याची. शिरवणं आमच्यापासून इतकं जवळ की इकडे कुकर लावून तिकडे जावं आणि शिट्टीला परत यावं. पण ती तिकडे पाऊल टाकत नसे. भावाने घराबाहेर काढलेली. "मेल्याबिगर त्याच्या दारात जानार नाय," असं ती सांगायची, तेही डाळ निवडताना, जसं आपण उद्या दळण टाकायचंय म्हणतो तसं. ही खोली आणि ही पोरं, एवढंच तिच्यापाशी होतं. "पोरं हायत तवर मी हितं. पोरं गेली की मंग शिरवनं."

उंच, काळी, हाडापेराने रुंद. आवाज खाडीच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जावा असा. आणि वरचे दोन सुळे बाकीच्या दातांपेक्षा चांगले लांब, टोकदार. हसताना पदर तोंडावर घ्यायची. नव्या माणसाला वाटायचं, बाई लाजाळू आहे. लाजेचं आणि तिचं काही देणंघेणं नव्हतं. सकाळी दारात बसून मशेरी लावायची, ओळखीचा दिसला की त्याच्या चालण्याची नक्कल करायची, आणि आमच्यासारख्या पर्स लटकावून धावणाऱ्या बायकांना म्हणायची, "जा गो जा, सायेब वाट बघतो. नवऱ्यासाठी कधी अशी धावलीस काय?"

मी पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात टायपिस्ट होते. आमचे हे मार्केटमध्ये कांद्याच्या व्यापाऱ्याकडे. सासूबाई साताऱ्याला; त्या इकडे यायला तयार नव्हत्या, त्यांना खाडीचा वास सोसत नव्हता. म्हणून माझी मनू बेबीताईकडे. मनू तेव्हा चार वर्षांची, जेवणाला रडणारी, झोपेला रडणारी, मला बघूनही रडणारी. बेबीताईकडे गेली आणि महिन्याभरात पोरगी पार बदलली. भाकरीबरोबर लसणीची चटणी खाऊ लागली. दुपारी झोपू लागली. शेजारी गेली तर दारात उभी राहून विचारायची, "आत येऊ?" आम्ही सगळ्या आया एकमेकींना सांगायचो, वळण लावावं तर बेबीताईने.

हे वळण कुठून येतं ते मला एका दुपारी कळलं. कारखान्यात कसलासा वायू गळला म्हणून आम्हाला लवकर सोडलं होतं. मी थेट पाळणाघरात गेले. दार लोटलेलं. खिडक्यांना चादरी बांधलेल्या. आणि जमिनीवर रांगेने पोरं उताणी पडलेली. पाय जुळवलेले, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे, डोळे गच्च मिटलेले. मी किंचाळणार तेवढ्यात बेबीताईने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"श्श! पिशाचं निजलीत. आता उठली तर उन्हानं राख व्हतील."

मला स्वयंपाकघरात नेऊन तिने चहा टाकला आणि सगळं सांगितलं. पिशाच दिवसा झोपतं, म्हणून झोपायचं. पिशाच बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात शिरत नाही, म्हणून दारात विचारायचं. माणसाने लसूण खाल्ली तर पिशाच जवळ येत नाही, म्हणून चटणी खायची. आंघोळ झाल्यावर आरशात बघायचं. दिसलास तर माणूस, नाही दिसलास तर मावशीला सांग. आणि संध्याकाळी शहाण्यासारखं वागलेल्या पोराला बक्षीस काय, तर संत्र्याची साल. तिला कात्रीने टोकं कापून दात करायचे, ते ओठांत धरायचे आणि घरी जाण्याआधी मावशीला एकदा चावायचं.

"हे सगळं तुम्हाला कुठून माहीत?"

"मी पिच्चरमधी पिशाचीन होती," बेबीताई म्हणाली आणि कपात साखर ढवळत राहिली. "पोरांच्या आयांना नको सांगू. एकतर मना नाचनारी समजतील, नायतर खरी समजतील."

ती सिनेमात गेली ती चिखलातून. शब्दशः. ओहोटीच्या वेळी खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरत होती. तिकडे मिठागराच्या बांधावर सिनेमावाले आले होते. चिखलातून हडळ वर येते असा सीन होता आणि त्यासाठी मुंबईहून आणलेली बाई गुडघाभर चिखल बघून रडायला लागली होती. बेबी तिकडे बघून मोठ्याने हसली, तोंडावर पदर न घेता. डायरेक्टरला ते सुळे दिसले.

"मना बोलला, चिखलातून उभी राशील काय? मी बोलली, अरे बाबा, मी चिखलातच उभी हाय, तुला दिसतंय काय?"

मग पोस्टरवर ती झाली मिस रजनी. नाव अगदी तळाला, फाइट मास्टरच्याही खाली. भावाने तो सिनेमा तुर्भ्याला जाऊन बघितला आणि आल्या आल्या तिची ट्रंक अंगणात फेकली. ती भूत झाली याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार होती नाइटीची.

तिचे सुळे चांगले होते, पण तेवढ्याने भागेना, म्हणून एका दातांच्या डॉक्टरकडून वरून घालायचे दात करवून घेतले होते. ते घातले की तोंड मिटत नसे, लाळ गळायची, आणि कॅमेरामन ओरडायचा, "रजनीजी, थोडा सूखा काटिये!" रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि मिठाईवाल्याचा लाल रंग. शवपेटी फळांच्या खोक्यांची, आतून हापूसचा वास मारणारी. एकदा लाइट यायला उशीर झाला, ही पेटीतच झोपून गेली, आणि पाकाच्या वासाने मुंग्या आल्या. "सगल्या गावाला चावनारी मी, आनि मना कोन चावलं? मुंग्या!"

तिच्या डायरेक्टरला विलायती पिशाच आणि देशी हडळ यांतला फरक माहीत नव्हता किंवा त्याने तो मानला नव्हता. सुळे हवे, पेटी हवी, आणि पायसुद्धा उलटे हवे. पाय उलटे कसे करणार? मग हिला पोलकं मागचं पुढे करून घालायचं, तोंडावर केस, डोक्यामागे मुखवटा, आणि चालायचं मागे मागे, चिखलात, न बघता. "दात विलायती, पाय देशी," बेबीताई म्हणायची. "मधली बाई कुठली ते कोनी विचारलंच नाय." ती दोनदा आपटली. दुसऱ्यांदा माकडहाड दुखावलं, ते शेवटपर्यंत. म्हणून बसताना आधी एक कुल्ला टेकवायची, मग शिवी द्यायची, मग दुसरा.

पिशाचिणीचं काम कसं करायचं ते तिने मला ओट्यावर दुधी ठेवून शिकवलं होतं. "मान म्हनजे दुधी. लगेच दात लावायचे नाय. आधी वास घ्यायचा, जशी तू बाजारात घेतेस. डोले मिटायचे नाय. डोले मिटले की ते प्रेम होतं. जबडा हलवायचा नाय, नायतर लोकांना वाटंल पान खाते." मीही करून बघितलं. ती म्हणाली, "तू चावत नाय गो, तू त्याला माफी मागतेस."

एका हिरोला मात्र ती खरंच चावली होती. चावण्याच्या सीनमध्ये त्याचे हात रोज कुठे ना कुठे चुकायचे. तिने दोनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी तिने आधी वास घेतला, डोळे उघडे ठेवले आणि मग दात लावले. तो ज्या आवाजात ओरडला तसा तो आयुष्यात कधी ओरडला नव्हता. डायरेक्टरने टाळ्या वाजवल्या, "आज पहिल्यांदा अ‍ॅक्टिंग केलीस!" हिरोला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागलं. हिला पुढची कामं मिळेनाशी झाली. "चावनारी पिशाचीन कुनाला नको असते," ती म्हणाली. "चावल्यासारखं करनारी पायजे."

सिनेमातल्या पिशाचांबद्दल तिची अशी पक्की मतं होती. माझ्या मराठीच्या प्राध्यापकांना रामायणाबद्दल नव्हती तेवढी.

"बाप्या पिशाच असला ना गो, त्याला हवेली असते, घोड्याची गाडी असते, दार उघडायला नोकर असतो. काला झगा, तेल लावून भांग. चावायला निघाला तरी वाटतं लग्नाला चालला. आनि बाईला काय? ओली नाइटी. केस सोडलेले, पायात चप्पल नाय. एवढी शेकडो वर्षं जगली, एक चप्पल नाय कमावली?"

किंवा: "बाप्याला भूक लागते म्हनून तो चावतो. कोनी विचारत नाय. बाईला पिच्चरमधी नुसती भूक लागतच नाय. तिला आधी कोनी फसवायला लागतं, नायतर लग्नाच्या मांडवात मारायला लागतं. मंग ती चावनार. मी डायरेक्टरला बोलली, हिला भूक लागलीय म्हना ना सरल. तो बोलला, बाईची भूक पब्लिकला चालत नाय. सूड चालतो."

आणि एकदा, चहा गाळता गाळता: "तिला मारतं कोन सांग? त्रिशूल हिरोच्या हातात असतो, ते खरं. पन ती दिवसा कुठं निजते ते त्याला कोन दाखवतं? हिरोईन! आधी तिच्याच घरी पाहुनी म्हनून जेवून गेलेली असते. मंग पेटी जलते, पिशाचीन वरडते, आनि हिरोईन हिरोच्या खांद्यावर डोकं ठेवते. टिकली जागच्या जागी. डोल्यातून टिपूस नाय. पिच्चर खलास."

मी तिचा चहा पीत खो खो हसत होते.

त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत कार्यक्रम ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं. दरवर्षी तेच असायचं. संगीत खुर्ची, पाककला, आणि एका संध्याकाळी आरतीनंतर भाड्याचा रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणून कसलासा कौटुंबिक सिनेमा. मला काहीतरी वेगळं करून दाखवायचं होतं. आमच्या मागच्या सोसायटीत एक रेडिओवर भावगीतं म्हणणारे गृहस्थ होते, त्यांचा त्या लोकांना फार माज. मी मनात म्हटलं, तुमच्याकडे भावगीत, आमच्याकडे नटी! बेबीताईचा सत्कार करायचा, शाल-श्रीफळ द्यायचं, आणि तिचाच सिनेमा लावायचा. मी व्हिडिओ लायब्ररीत जाऊन कॅसेट शोधून काढली. लायब्ररीवाला म्हणाला, "फॅमिलीसोबत बघणार?" मी म्हटलं, "हो, सगळी फॅमिली." तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. मला वाटलं, आदराने.

बेबीताईने दुधी आणि सुरी पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "पोरांच्या आया येतील ना गो तिथं?"

"येऊ देत की! पोरांच्या मावशीचा सत्कार आहे."

"सुनंदे, मी पोरांवर जगते. ती गेली तर मना शिरवन्याला जावं लागंल, ठाऊक हाय ना?"

"काहीतरीच काय! उलट सगळ्यांना अभिमान वाटेल."

अभिमान हा शब्द मी वापरला होता. ती दुधीची साल काढत राहिली. मग हळूच विचारलं, "माझं नाव मोठ्यानं वाचतील काय तिथं?" तिने स्वतःचा एकही सिनेमा लोकांत बसून बघितलेला नव्हता. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ती माझ्या शहाणपणाला नव्हे, स्वतःच्या हौसेला हो म्हणते आहे. पण मला शहाणपणाची दाद मिळाल्याचा आनंद झाला होता.

मोरपिशी साडी नेसून ती पहिल्या खुर्चीत बसली. आमचे सेक्रेटरी साळुंखे, हेही मार्केटातलेच, त्यांनी "आपल्या सोसायटीची शान" वगैरे भाषण ठोकून शाल घातली. टाळ्या झाल्या. आणि मी बटण दाबलं.

थोडा वेळ गाणी-बिणी झाली. मग चिखल हलला आणि त्यातून बेबीताई उभी राहिली. ओली नाइटी, जीभ, सुळे, डोळे लाल. मांडवातल्या बायकांच्या तोंडून एकच आवाज आला, दूध उतू गेल्यावर येतो तसा. पण त्याच्यावर दुसरा आवाज चढला तो पोरांचा. "मावशी! मावशी आली!" पोरं उभी राहून टाळ्या पिटायला लागली. पडद्यावर तिने पहिल्या माणसाचा गळा धरला तेव्हा माझी मनू ओरडली, "मावशी, आधी वास घे!"

तिच्यामागे सगळी ओरडली, "वास घे! वास घे!"

मी टीव्हीशेजारी उभी होते. तिथून मला सगळ्या आया दिसत होत्या. त्यांची तोंडं पडद्याकडे नव्हतीच. त्या आपापल्या पोरांकडे बघत होत्या.

तेव्हाच कॅसेट बंद केली असती तर. पण मी यजमानीण, मी म्हटलं, शेवट छान आहे. शेवटी हिरोने त्रिशूळ मारला, पेटी पेटली, पडद्यावरची बेबीताई किंकाळ्या फोडत जळू लागली. आणि मांडवात पोरांनी भोकाड पसरलं. एकेक पोर उठून पहिल्या खुर्चीकडे धावलं. मनू तिच्या मांडीवर चढली, दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं, "मावशी, जळू नको ना." बेबीताई पदर तोंडावर न घेता हसत होती, सुळे बाहेर, आणि पोरं तिला मुंग्यांसारखी लगडलेली. मग आया उठल्या. आपापलं पोर त्यांनी तिच्या अंगावरून ओढून काढलं. शाल खाली पडली; ती कोणी उचलली नाही. मीही नाही. मला मनूला सोडवायचं होतं.

दुसऱ्या मजल्यावर वैशाली राहायची. तिच्या ओमला दुसऱ्या दिवशी ताप आला. तो ताप सगळ्या नेरूळभर होता. पण संध्याकाळपर्यंत बेबीताईच्या दारावर लिंबू-मिरची लटकली. तीही तिला दृष्ट लागू नये म्हणून नव्हे, तिची बाधा बाहेर येऊ नये म्हणून. मग सोसायटीची मीटिंग लागली, खाली पार्किंगमध्ये.

"हे बघा, टेन्शन कोणी घेऊ नका," साळुंखे म्हणाले, "शांतपणे बोलू." मग सगळे एकदम बोलले.

"माझा ओम आरशासमोर उभा राहून विचारतो, आई, मी दिसतो का?"

"आमचा झोपतो तेव्हा छातीवर हात! प्रेतासारखा! मी तर रात्री उठून नाकाला सूत लावून बघते."

"आजोळी गेलो तर हा उंबऱ्याबाहेर उभा. आजीला म्हणतो, ये म्हण, मग येतो. माझ्या आईला काय वाटलं असेल?"

आठवड्यापूर्वी हेच वळण होतं. कपडे तेच, फक्त उलटे घातले होते.

बेबीताई खुर्चीवर एक कुल्ला टेकवून बसली होती. "पोरं जेवतात काय? निजतात काय? मी कुनाला हात लावला काय? सांगा ना."

वैशाली म्हणाली, "तुमच्या दातांकडे बघूनच आम्हाला समजायला पायजे होतं."

साळुंख्यांनी घसा साफ केला. "राहत्या घरात पाळणाघर हे तसंही नियमात बसत नाही. ते बंद व्हावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. पहिल्या मजल्यावर शमीम राहायची, अलिबागकडची, शाळेत शिकवणारी. तिची दोन्ही पोरं बेबीताईकडे होती. तिने हात मांडीखाली घातले आणि वर केले नाहीत. माझ्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं, कारण कॅसेट मी आणली होती. माझा हात वर गेला. भीतीने गेला असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मनू दिसत होती, बेबीताईचं तोंड दोन्ही हातांत धरलेली. माझं तोंड तिने असं कधी धरलं नव्हतं.

बेबीताईने हात मोजले नाहीत. तिने फक्त माझ्या हाताकडे बघितलं, मग म्हणाली, "बरं," आणि उठून घरात जाऊन पोरांच्या पाण्याच्या बाटल्या धुवायला लागली. ज्याची त्याला द्यायला हवी होती ना.

पोरं गेली, म्हणजे खोलीही गेली. शिरवण्याला निरोप गेला आणि तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला. उंच, काळा, अगदी तिच्यासारखा, नुसते सुळे नसलेला. तो तिच्याशी बोलला नाही. सामान चढवून झालं. भर दुपार होती, खिडक्यांतून सगळी पोरं बघत होती. आयांनी मागे ओढली तरी परत येत होती. बेबीताई टेम्पोत मागे चढली. तिथे तिची गादी घातलेली होती. तिने केस सोडले, गादीवर उताणी झोपली, पाय जुळवले, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवले आणि डोळे मिटले.

"ए, बस की नीट," भाऊ खेकसला.

"मी मेल्याबिगर येनार नाय बोललेली," ती डोळे मिटूनच म्हणाली. "चल आता. मेली मी."

टेम्पो गेटबाहेर वळेपर्यंत ती तशीच होती, डोक्यावर टळटळीत ऊन. वरून एका पोराचा आवाज आला, "राख होईल ती!" आणि खिडकी लागली.

मग साताऱ्याहून सासूबाई आल्या, नाकाला पदर लावून. पहिल्याच दुपारी त्यांनी मनूला थापटून झोपवायला घेतली तर ती त्यांच्या दंडाला चावली. "आगं बया, लचकाच तोडला की कार्टीनं!" मी मनूला धपाटा घातला. ती रडली नाही. म्हणाली, "मी डोळे उघडे ठेवले होते."

शिरवण्याला मी गेले ती तीन-चार पावसाळे उलटल्यावर. कुकर लावून परत यावं एवढं ते अंतर. नारळाच्या वड्यांचा डबा घेतला होता. माझी पद्धतच ती. जिथे तोंड दाखवायला जागा नाही तिथे गोड घेऊन जायचं.

ती भावाच्या ओट्यावर जवळा, बारीक सुकट, निवडत बसली होती. आणखी वाळलेली, केस पांढरे. भावाची नातवंडं अंगणात खेळत होती, पण ओट्यापासून लांब. तिच्या पुढ्यातून एक पोर गेलं तसा आतून भावजयीचा आवाज आला, "इकडं ये, तिकडं नको." बेबीताईने मान वर केली, मला बघितलं आणि हसली. पदर घेतला नाही. घ्यायचं कारण उरलं नव्हतं. तोंडात एकही दात नव्हता. सगळे साखरेच्या पाकाने खाल्ले होते. मुंग्यांनी सुरू केलेलं काम पुरं झालं होतं.

"मनू नाय आनलीस?"

"शाळा असते तिला," मी म्हटलं. त्या दिवशी रविवार होता.

तिने जवळ्यातला एक खडा उचलून टाकला. बस म्हणाली नाही. वड्यांचा डबा तिने बघितला आणि बाजूला, जवळ्याच्या सुपाशेजारी, झाकण न उघडता ठेवला. मी पायरीवर उभी होते. आत येऊ का, असं विचारायचं मला सुचलं नाही. मी एवढंच म्हटलं, "बेबीताई, चुकलं हो माझं." आणि माझ्या डोळ्यांना धारच लागली. इतकी वर्षं जपून ठेवलेलं रडू, चांगलं ऐसपैस. मला वाटलं होतं, ते बघून ती विरघळेल.

तिने हातातलं सूप एकदा हलवलं, माझ्याकडे नीट, डोळे न मिटता बघितलं, आणि म्हणाली:

"रडू नको गो सुनंदे, हिरोईन शेवटी रडत नसते. पदर सावर, टिकली बघ, आनि घरला जा. पिच्चर कवाच खलास झाला."